सांगावे की झाकावे?

माउली, घरात कर्करोगाचे निदान झाले की औषधाच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. तिला सांगायचे का? धनी सारा भार आपल्या उरावर घेतो आणि बायकोला म्हणतो, "उष्णतेने तोंड आलंय, होईल बरं." याला आपण माया म्हणतो. माया ती आहेच. पण ती धर्माला धरून आहे का?

पूर्वपक्ष कच्चा नाही. गीतेच्या 17व्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी उद्वेग न करणारे बोलणे आधी धरले आहे, सत्य त्यानंतर. मग दुःख देणारे सत्य बोलावे तरी का? परंतु त्याच श्लोकात प्रिय आणि हिताचे बोलणेही आले आहे, आणि ही चारही लक्षणे एकाच वाक्याला हवीत. सोयीचे एक उचलून बाकीची सोडण्याची मुभा तेथे नाही. शिवाय ज्याच्या देहात रोग आहे त्याला तो देह आधीच सांगत असतो. उद्वेग बातमीची वाट पाहत नाही.

परळच्या टाटा रुग्णालयाचे पुष्कळ रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तेथे सेवेला गेलो असता एक जोडपे पाहिले. मिश्रीच्या सवयीने तिच्या जिभेच्या कडेला जखम झालेली. तो रिपोर्ट पिशवीच्या तळाशी ठेवी आणि रात्री नळावर जाऊन रडे. ती डोळे मिटून पडून राही, आपण जागे आहोत हे त्याला कळू नये म्हणून. शेवटी तीच बोलली. "अहो, परळला कशाचा दवाखाना आहे ते गावातल्या पोरालाबी ठावं असतंय. मला मरणाचं भ्या नाही. जीभ कापली तर गौळण कशी म्हणू?" तो इतके दिवस झाकत होता मरण, आणि तिची भीती निराळीच! दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून डॉक्टरांना तेच विचारले. शस्त्रक्रियेनंतर बोलण्याचे व्यायाम असतात, ते शिकवणारी माणसे असतात, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हते.

गीतेचा पहिला अध्याय पाहा. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, हातातले धनुष्य गळते. त्या अख्ख्या अध्यायात भगवंत एकच वाक्य बोलतात, जमलेले कौरव पाहा म्हणून. पुढे ते ऐकत राहतात. 'काही होत नाही' म्हणून त्याला मध्येच गप्प करीत नाहीत. आम्ही कीर्तनकार मंडळी हा अध्याय भराभर उरकतो. श्रोत्यांना ज्ञान हवे असते आणि आम्हाला सांगायची घाई!

सगळे एका दमात सांगावे असेही नाही. किती ऐकायचे ते ज्याचे दुखणे त्याने ठरवावे. "डॉक्टर काय म्हणाले ते आज सांगू का?" असे विचारावे. नको म्हटले तर राहू द्यावे, चार दिवसांनी पुन्हा विचारावे. आणि 'विठ्ठलावर सोड' हे वाक्य जपून वापरावे. पुष्कळदा ते आपलेच मन हलके करायला म्हटले जाते, आणि समोरच्याचे तोंड बंद होते. विठ्ठलावर सोडायचे ते फळ. केमोला सोबत कोण जाणार, पैसा कोठून उभा करायचा, हे दोघांनी शेजारी बसूनच ठरवावे लागते. मुलांनाही सांगावे, त्यांच्या वयाला पेलेल तेवढे. आईचे केस का गेले हे ती विचारतातच, आणि उत्तर मिळाले नाही तर आपल्याच हातून काही चुकले असे त्यांच्या मनात येते.