पालथी

स्थिर माणसाचे आपल्याकडे फार कौतुक होते. अमका आपल्या मतावरून तसूभर हलला नाही, असे कोणी म्हटले की ऐकणारेही आदराने मान डोलावतात. ही मिजास मीही मिरवली आहे. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दादाशी बोलणे तुटले, त्याला नऊ वर्षे झाली. बरोबर मीच होतो, असे मला अजून वाटते. दादाच्या मुलाने मात्र काकाशी नाते राखले आहे. गेल्या माघात दोना पावलच्या पाण्यात त्याच्या कॅटमरानमधून मला फिरवण्याची हौस त्याला आली, आणि आम्ही दोघेही पालथे झालो.

कॅटमरान हा शब्द तमिळ कोळ्यांच्या कट्टुमरमवरून, म्हणजे बांधलेल्या लाकडांवरून, जगभर गेला. पुतण्याची होडी मात्र ओंडक्यांची नव्हे. दोन अरुंद होड्या शेजारी ठेवाव्यात, मधे कापड ताणावे आणि वर मोठे शीड उभारावे, तसा तो प्रकार. लांबी सुमारे ५ मीटर. रुंद बैठकीमुळे ती सहसा डगमगत नाही. पण एकदा पुरती उलटली, की त्याच बैठकीच्या जोरावर उलटीही तितकीच निश्चिंत तरंगते! तळाशी शिशाचे वजन असलेली शिडाची होडी कलंडली तरी बहुधा आपण होऊन उठते. हिच्या तळाशी तसे काही नाही.

तत्त्वासाठी ठाम राहणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. पण त्या पालथ्या होडीला धरून तरंगताना मनात आले, हिला सुलटे काय नि उलटे काय, दोन्हीकडे सारखेच स्थिर वाटत असणार. मग माझे नऊ वर्षांचे ठाम राहणे यांपैकी कुठले, हे मला आतल्या आत कसे कळावे?

"काका, आधी शिडाचा दोर सोडा!" पुतण्या ओरडला. झोत आला तेव्हाही तो हेच ओरडला होता, आणि मी दोर अधिकच घट्ट धरला होता. आताही तो खाचेत तसाच अडकलेला. ताणलेले शीड पाणी धरून बसते. ते सुटल्याशिवाय होडी उठत नाही. मी दोर सोडला. दोघांनी एकाच बाजूच्या मागच्या टोकावर भार देऊन तिला कुशीवर आणले, नाळ वाऱ्याकडे वळवली. मग वरच्या बाजूवरून टाकलेला दोर धरून, खालच्या बाजूवर पाय रोवून, पुतण्या मागे रेलला. पोर काटकुळे, डोलकाठी हलेना. घरात ज्याची रोज थट्टा होते ते माझे वजन त्याच दोराला लागले, तेव्हा कुठे ती वीतभर उचलली. शिडाखाली वारा शिरला आणि पुढचे काम त्यानेच केले.

किनाऱ्यावर टॉवेल गुंडाळून बसलो होतो. पुतण्याचा फोन वाजला. पलीकडे दादा असावा.

"हो बाबा, काका बरोबर आहेत," तो म्हणाला.

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी फोनसाठी हात पुढे केला.