गहू आणि निदण



जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला. त्यातून पुढे रासायनिक खत आले आणि कोट्यवधी मुखांत घास पडला. त्याच हाबर यांच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर क्लोरीन वायू सोडण्यात आला. बुद्धी तीच, हात तेच!

'कसे' हे विज्ञान सांगते. 'कशासाठी' हे सद्सद्विवेकबुद्धीलाच विचारावे लागते. प्रभू येशूच्या दाखल्यात गहू आणि निदण एकाच शेतात वाढतात. तसे शेत प्रत्येकाच्या मनात आहे. म्हणून आज मुलांना केवळ 'किती गुण मिळाले?' एवढेच विचारू नका. 'हे शिकून कोणाच्या उपयोगी पडशील?' असेही विचारा.