पाण्याच्या मागोमाग

भोरहून किंवा वेल्ह्याहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या माणसाला कुठे चाललात म्हणून विचारलं, तर तो ससूनला, कोर्टात, मार्केट यार्डात, नाहीतर पोरीच्या वसतिगृहावर असं काहीतरी सांगतो. नुसतं पुणं बघायला कुणी निघत नाही. काम उरकायचं आणि उजेडी परतीची गाडी धरायची, हा आमच्या खोऱ्यांचा शिरस्ता. स्वारगेटला उतरल्यावर पुढे कसं जायचं, याची जुळवाजुळव मात्र आदल्या रात्रीपासून चालते. भाच्याला सुटी आहे का, तो दुचाकी घेऊन येईल का, रिक्षावाला किती सांगेल. म्हाताऱ्या माणसाला तर कुणाच्या तरी मागे बसून, सीटची कड घट्ट धरून, डोळे मिटूनच शहर ओलांडावं लागतं.

हे शहर एकेकाळी सायकलींचं म्हणून ओळखलं जाई. आता घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाची वेगळी गाडी असते. यात पुणेकरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. बस वेळेवर येईना म्हणून लोकांनी हप्त्यांवर गाड्या घेतल्या, गाड्या वाढल्या म्हणून बस आणखी अडकली. २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट ते हडपसर या रस्त्यावर बससाठी राखीव मार्ग आखला गेला. देशातला बीआरटीचा तो पहिला प्रयोग. सातारा रस्त्याने येताना एसटीच्या खिडकीतून तो राखीव मार्ग दिसायचा, आणि त्यात घुसलेल्या दुचाक्याही दिसायच्या. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याच्यासाठी राखलेली जागाही अशी दुसऱ्यांनीच वापरली.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आत्याला घेऊन पुण्याला गेलो, ते एकही काम न काढता. दिवसभर मेट्रोने हिंडायचं, एवढंच ठरवलं होतं. आत्या पानशेतच्या काठावरची. चौथीपर्यंत शिकलेली, गुडघ्यांनी बेजार, पण बघण्याची हौस दांडगी.

स्वारगेटचं स्थानक जमिनीखाली आहे. सरकत्या जिन्यापाशी आत्या थांबली. सपाट निघालेली पट्टी पुढे जाऊन पायरी कशी होते, हे तिने चार-पाच पायऱ्या जाऊ देऊन नीट बघून घेतलं. मग लुगड्याचा काठ जरा वर खोचला, कठड्यावर हात ठेवला आणि उजवं पाऊल टाकलं. मागे कॉलेजच्या मुलींची रांग झाली होती, पण कुणी घाई केली नाही. तपासणीच्या यंत्रातून तिची कापडी पिशवी गेली. पिशवीत अधोलीभर इंद्रायणी तांदूळ होता. कुणाच्या घरी जायचं नव्हतं, पण वाटेत ओळखीचं भेटलं तर हात रिकामा नको. पुढच्या दारात कागदी तिकीट काचेवर धरायचं असतं. तिने ते पालथं धरलं होतं. तिथल्या गणवेशातल्या मुलीने हलकेच उलटं करून दिलं आणि म्हणाली, "जा आजी, सावकाश." दार उघडलं. आत्या आत गेली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली, मी येतोय की नाही ते.

मंडई गेली, कसबा पेठ गेली. गाडी जिल्हा न्यायालयाकडे निघाली तेव्हा मी तिला सांगितलं, आता आपण मुठेच्या खालून चाललोय.

"आपली मुठा?"

"तीच."

"म्हंजी आपल्या धरणाचं पानी आत्ता आपल्या डोईवरनं चाललंय व्हय?" ती छताकडे बघत राहिली.

तिचं 'आपलं' अगदी खरं आहे. पानशेत धरण आंबीवर, वरसगाव मोसेवर. दोन्ही धरणं वेल्हे तालुक्यातली, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात. या नद्या मुठेला मिळतात, खडकवासल्यात साठतात आणि तिथून पुण्याच्या नळांना जातात. त्यासाठी काठावरची गावं बुडाली, घरं आणि भातखाचरं सोडून माणसं पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात गेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि पुण्याच्या पेठांनी आमच्या खोऱ्याचं पाणी दारात, माडीवर, देवघरात पाहिलं. तेव्हापासून या शहराचा आणि आमचा संबंध पाण्याचाच राहिला आहे. मेट्रोचा बोगदा खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना ही नावं दिली होती, ते मला फार आवडलं.

पण पाणी पोचलं तितक्या सुखाने माणूस कधी पोचला नाही. आमचं पाणी सातव्या मजल्यावरच्या टाकीत जातं, आणि त्याच गावची बाई स्वारगेटच्या चौकात रस्ता ओलांडता येईना म्हणून अर्धा तास उभी राहते. शहराने आमच्याकडून घेतलं त्याची परतफेड पैशात होत नाही. आपल्या खर्चाने आणि आपल्या पायांनी, कुणाची मिनतवारी न करता, शहरात कुठेही जाता यावं, एवढं तरी शहराने द्यावं. मेट्रोचं तिकीट दहा रुपयांपासून पस्तीस रुपयांपर्यंत आहे. गडगंज माणूस आणि आत्या एकाच डब्यात, एकाच बाकावर बसतात. पुढच्या स्थानकाचं नाव मराठीत पुकारलं जातं, पाटी मराठीत असते. मला दिवसभरात सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच, की तिसऱ्या-चौथ्या स्थानकानंतर आत्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली आणि मला सांगायला लागली, आता कोणतं आलं.

जिल्हा न्यायालयाचं स्थानक सुमारे तेहतीस मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्थानकांपैकी एक. तिथून जिन्यामागून जिने चढत वर यायचं आणि वनाज-रामवाडी मार्गाची गाडी धरायची. ही गाडी उंचावरून जाते. रामवाडीकडे जाताना तिने संगमाजवळ नदी ओलांडली, बंडगार्डनच्या पुढे पुन्हा ओलांडली. परत फिरून वनाजकडे निघालो तर छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही स्थानकं मुठेच्या काठालाच, छपरं पगडीच्या घाटाची. नदीकाठच्या या मार्गाच्या खांबांवरून २०१६ मध्ये काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. मार्ग झाला, लोक बसू लागले, तरी त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. ज्या काठाने १९६१ पाहिलं, त्या काठाजवळ काहीही उभारताना नदीला किती जागा लागते ते विचारायलाच हवं. मेट्रो हवी म्हणून नदीबद्दल गप्प बसावं, असं निदान धरणाकाठच्या माणसाला तरी जमणार नाही.

नळस्टॉपला आत्याने माझा हात धरून खाली दाखवलं. सगळ्यात वर आमची गाडी, मध्ये वाहनांचा पूल, आणि त्याखाली रस्ता. पूल असूनही खाली चौकात वाहनांची दाटी होतीच. "एवढी मान्सं रोजच असं उभी ऱ्हात्यात?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कणव होती.

परतताना मंडईला उतरलो. १८८६ ची ती अष्टकोनी इमारत आत्याने लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांबरोबर पाहिली होती, आणि त्यानंतर कधीच नाही. पुण्याला ती कितीदा तरी आली, पण दवाखान्याच्या रस्त्यात मंडई लागत नव्हती. गाळ्यांमधून ती भाव विचारत हिंडली, घेतलं काहीच नाही. स्थानकाच्या बाहेरचं शंभर पावलांचं अंतर मात्र दिवसभरातलं सगळ्यात कठीण ठरलं. पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाक्या, मध्येच उखडलेल्या फरशा, आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसासाठी एकही गाडी थांबत नाही. खाली तेहतीस मीटरवर लिफ्ट चालते, आणि वर जमिनीवर म्हाताऱ्या माणसाला पाऊल टाकायला धड जागा नाही. मार्ग पुऱ्या ताकदीने बांधला, तेवढ्याच निगुतीने त्याच्या दारातला रस्ताही करायला हवा होता.

६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हे पहिले टप्पे सुरू झाले. आमच्या बाजूच्या माणसाला खरा उपयोग झाला तो २९ सप्टेंबर २०२४ ला, मेट्रो स्वारगेटला आली तेव्हा. आता पुढे कात्रज आहे. साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मार्गाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. कात्रज म्हणजे आमचं पुण्याचं दार. घाटातला बोगदा ओलांडला की तेच लागतं. तिथे मेट्रो आली की भोरची आणि वेल्ह्याची माणसं वाहनांच्या गर्दीत न शिरता खाली उतरतील. पण ते स्थानक आखतानाच एसटीला थांबायला जागा हवी, नसरापूर-चेलाडीच्या वडापच्या गाड्यांनाही जागा हवी. डोक्यावर छप्पर हवं, बायकांना स्वच्छतागृह हवं. आणि वेल्ह्याची शेवटची एसटी किती वाजता सुटते, ते मेट्रोच्या वेळापत्रकाशेजारीच मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं, म्हणजे गाडी चुकून कुणाच्या तरी दारात मुक्कामाला जायची वेळ येणार नाही. त्या दिवशी आम्हीही घड्याळ बघतच मंडईतून निघालो. पिंपरीकडची बाजू बघायची राहिली आहे, आणि पुढच्या खेपेला आत्याच्या दोन्ही जावांना यायचं आहे.