पहिले शील आणि रस्त्यावरचे कुत्रे



माजिवड्याच्या परिसरातील नवदीक्षित कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो. आपण पंचशील ग्रहण केले. त्यातले पहिलेच शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. मग वस्तीतली मोकाट कुत्री पकडून न्या, असा अर्ज महापालिकेला देणे हा शीलभंग होतो काय? आणि शाळेला जाणाऱ्या पोरांच्या अंगावर कुत्री धावून येत असताना गप्प बसणे, याला धम्म म्हणावे काय?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. जो धम्म आपल्या गल्लीतल्या अडचणीला उत्तर देऊ शकत नाही, तो फक्त वंदनेपुरता उरतो. बाबासाहेबांनी आपल्याला असा धम्म दिलेला नाही. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

प्रथम शील म्हणजे काय ते पाहू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अहिंसेचा फार मोलाचा खुलासा केला आहे. भगवान बुद्धांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नव्हे, असे ते म्हणतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करायला लावते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी फरक केला. जेथे केवळ मारण्याची हौस आहे तेथे पाप आहे. जेथे खरीच गरज आहे तेथे विवेकाने निर्णय घ्यायचा आहे. म्हणजे पहिले शील आपल्याला दोन गोष्टी मागते. मनात सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री असावी आणि हाताने जे करायचे ते डोके शाबूत ठेवून करावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञाही प्राणिमात्रांवरील दयेची व त्यांच्या पालनाचीच आहे. पालन हा शब्द ध्यानात ठेवावा. पालन म्हणजे नुसते न मारणे नव्हे. पालन म्हणजे जबाबदारी घेणे.

आता आपल्या मनातली एक जुनी सल येथे उघड बोलली पाहिजे. प्राण्यांच्या दयेची भाषा ऐकली की आपल्यातल्या कित्येकांच्या कपाळावर आठी पडते, आणि त्याला कारण आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, कुत्री पाणी पीत होती. माणूस असूनही आपल्या वाडवडिलांना तेथे ओंजळ भरण्याची मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा लोकांनी तळे बाटले म्हणून गोमूत्र-शेण घालून ते शुद्ध करून घेतले. जनावराचे मूत्र पवित्र आणि माणसाचा हात अपवित्र! मेलेले ढोर ओढण्याचे काम मात्र आपल्याच माथी. हा इतिहास ज्याच्या घरात घडला आहे त्याने "कुत्र्याची एवढी काळजी, मग आमची का नाही?" असे विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु एक गोष्ट नीट समजून घ्यावी. चवदार तळ्यावर पाणी पिणारे कुत्रे आपले वैरी नव्हते. आपल्याला त्या पाण्यापासून दूर ठेवणारा माणूस होता आणि त्याच्यामागे धर्मशास्त्र होते. प्राण्याला मान दिला म्हणून आपला मान गेला नाही. माणसाला माणूस मानले नाही म्हणून गेला. म्हणून त्या अन्यायाचा राग मुक्या जनावरावर काढणे, त्याला दगड मारणे, उकळते पाणी फेकणे, विष घालणे, हे बौद्ध माणसाला शोभत नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

याच्या उलट दुसरी चूक घडते ती भूतदयेच्या नावाने. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की शनीची पीडा टळते, अशी समजूत समाजात आहे, आणि दीक्षा घेतलेल्या घरांतही ती मागच्या दाराने शिरते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने हे विचारावे की त्या पोळीत कुत्र्याविषयी काय आहे? त्या पोळीत आपली भीती आहे आणि आपला लाभ आहे. कुत्रा उपाशी आहे काय, आजारी आहे काय, त्याला लस टोचली आहे काय, याचा त्यात विचारच नाही. रविवारी तेच कुत्रे उपाशी हिंडले तरी ग्रहशांती करणाऱ्याला त्याचे काही नसते. मैत्री आणि ग्रहशांती यांत हा एवढा फरक आहे.

आपल्या ठाण्याजवळच या दोन्ही चुकांना उत्तर देणारे दोन दगड सापडले आहेत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेले सोपारा हे सम्राट अशोकाच्या काळचे बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषय असा, की पूर्वीचे राजे शिकारीच्या यात्रा करीत, अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या. पुढे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात अशोक सांगतो की लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. आणि धम्ममंगल कशात आहे? दास-नोकरांशी नीट वागण्यात, गुरुजनांच्या आदरात, प्राण्यांविषयी संयमात, दानात. पहा, माणसाशी नीट वागणे आणि प्राण्यांशी संयमाने वागणे ही दोन्ही त्याने एकाच दमात सांगितली. एकाला सोडून दुसरे धरता येत नाही.

अशोकाने आणखी एक केले. त्याने दया नुसती उपदेशात ठेवली नाही, तिचे राज्यव्यवहारात नियम केले. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली. पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादी दिली, आणि बैल-बोकडांचे खच्चीकरण ठराविक तिथींना करू नये असे सांगितले. सरसकट बंदी त्याने घातली नाही. लोकांचे व्यवहार ध्यानात घेऊन, जेवढे पाळता येईल तेवढे नियमात आणले. भिक्षुसंघाचे नियमही असेच प्रसंगाप्रसंगाने झाले. पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू कोवळी रोपे आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी वर्षावासाचा नियम केला. लोकांची तक्रार ऐकून जीवमात्राच्या रक्षणासाठी नियम करणे ही बुद्धाचीच रीत आहे. म्हणून महापालिकेकडे अर्ज करणे हा शीलभंग नव्हे. अर्जात आपण काय मागतो, यावर सारे अवलंबून आहे.

मग मागावे काय? "मारून टाका" असे मागणारे पुष्कळ आहेत. तो उपाय करून झालेला आहे. १८३२ साली मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतरही मुंबईत अनेक दशके कुत्री मारली गेली. कुत्री संपली काय? नाही. कारण कुत्री ज्यावर जगतात तो उकिरडा तसाच राहिला. एका गल्लीतली कुत्री नाहीशी झाली की शेजारच्या गल्लीतली तेथे येतात. हा कार्यकारणभाव आहे, आणि कार्यकारणभाव हा तर आपल्या धम्माचा कणा आहे. दुःखाचे कारण तसेच ठेवून दुःख जात नाही.

म्हणून २००१ साली केंद्र सरकारने नियम केले आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांच्या जागी प्राणी जन्म नियंत्रण नियम आणले. त्यांचा गाभा सोपा आहे. स्थानिक संस्थेने मोकाट कुत्री पकडावी, त्यांची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी आणि त्यांना जेथून उचलले तेथेच परत सोडावे. खाऊ घालायचे तर ठरलेल्या जागी, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि जिने-दारांपासून दूर, आणि घाण न करता. पाळीव प्राण्याची लस व नसबंदी मालकाने करावी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीज झालेली व पिसाळल्यासारखी अंगावर येणारी कुत्री परत सोडू नयेत असे सांगितले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. या नियमांवर वाद आहेत आणि होतील. पण त्यांची दिशा मारण्याची नाही, कारण दूर करण्याची आहे. एखाद्या भागातील १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कुत्र्याला दिलेली लस ही आपल्या लेकरालाच दिलेली लस आहे. येथे कुत्र्याचे हित आणि मुलाचे हित वेगळे उरत नाही.

पाळीव जनावराच्या बाबतीत नालागिरी हत्तीची कथा आठवावी. देवदत्ताच्या चिथावणीने राजगृहाच्या रस्त्यावर तो हत्ती दारू पाजून सोडला गेला. भगवंतांनी मैत्रीने त्याला शांत केले. यातला चमत्कार बाजूला ठेवू, बोध घेऊ. दोष हत्तीचा नव्हता, त्याला रस्त्यावर सोडणाऱ्याचा होता. आजही भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची दक्षता न घेणारा माणूस शिक्षेस पात्र आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माजिवड्यात घोडबंदर रस्ता, नाशिकचा महामार्ग आणि मुंबईकडून येणारा द्रुतगती मार्ग एकत्र येतात. तेथे वीस-पंचवीस मजली इमारती आहेत आणि त्यांच्याच पायथ्याशी जुने गाव आणि चाळी आहेत. वर राहणारा माणूस मोटारीने दारातून दारात जातो. पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार बाई, रात्रपाळीहून पायी येणारा कामगार, चालत शाळेला जाणारे मूल यांची गाठ कुत्र्यांच्या टोळीशी पडते. कुत्री पकडणाऱ्या गाडीवर जाळी घेऊन उभा असलेला माणूस आणि मेलेले कुत्रे उचलणारा माणूस पुष्कळदा कोणत्या समाजातला असतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. दया एकाने करायची, चावा दुसऱ्याने सोसायचा आणि घाण तिसऱ्याने उचलायची, ही करुणा नव्हे. ज्या करुणेची किंमत दुसऱ्याच्या अंगावर पडते तिच्यात वर्णव्यवस्थेचाच वास आहे. करुणा खरी की खोटी हे ओळखायचे असेल तर तिचा भार कोण वाहतो ते पाहावे.

यासाठी आपल्या कुटुंबांनी पुढील गोष्टी कराव्यात.

कुत्रे चावले, ओरबाडले किंवा त्याने जखम चाटली, तर भगताकडे जाऊ नये, जखमेवर चुना, तिखट, हळद काही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचेच आहे. पोटात चौदा सुया घेण्याचा काळ गेला. आता लस दंडात देतात. डॉक्टर सांगतील तितक्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात, आणि जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही विचारून घ्यावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो. मंत्राने यातले काही बदलत नाही.

घरात कुत्रा पाळला असेल तर त्याला दरवर्षी लस द्यावी, महापालिकेकडे नोंद करावी, रस्त्यावर नेताना गळ्यात पट्टा आणि दोरी असावी. उरलेले अन्न गल्लीच्या तोंडाशी टाकू नये. मुलांना दगड मारायला शिकवू नये, आणि पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये हेही शिकवावे.

आणि विहारातल्या बैठकीत ठराव करून माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीकडे लेखी मागणी करावी: आमच्या वस्तीत नसबंदी आणि लसीची फेरी कधी येणार, कचरा दररोज का उचलला जात नाही, दवाखान्यात लस आणि सीरम शिल्लक आहे काय, आणि कुत्री पकडणाऱ्या कामगारांना हातमोजे व आधी घ्यायची लस दिली आहे काय. एकाने अर्ज दिला तर कागद होतो, संघाने दिला तर मागणी होते. संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश अशा लहान कामांतही तितकाच लागू आहे.

पहिले शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. ते गल्लीत उतरले पाहिजे. वस्तीतले कुत्रे लस टोचलेले, कानाला खाच असलेले, शांतपणे सावलीत पडलेले आहे आणि त्याच्या बाजूने मूल न घाबरता शाळेला जात आहे, एवढे आपण घडवून आणले तर त्या वस्तीने शील पाळले असे म्हणता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!