मिनिटं कुणाच्या नावावर?

हॉकीच्या गप्पा रंगल्या की ध्यानचंद, धनराज पिल्ले आणि हरमनप्रीत सिंग यांना एका ओळीत उभं करून 'यांत थोर कोण' हा वाद हटकून निघतो. धनराज खडकीचा, त्यामुळे आपल्याकडे त्याची बाजू घेताना आवाज जरा चढतोच. पण ध्यानचंदांच्या संघाने १९३६ साली बर्लिनला जर्मनीचा ८-१ असा धुव्वा उडवला तो गवतावर, आणि ऑलिंपिकमधलं ते गवत १९७६ च्या मॉन्ट्रियलपासून गेलं. हरमनप्रीतने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० गोल केले, बहुतेक पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर. धनराज चार ऑलिंपिक खेळला आणि एकही पदक न घेता परतला. गोल मोजा, पदकं मोजा, दरवेळी उत्तर वेगळं येणार.

धाराशिव जिल्ह्यात हॉकीची काठी फारशी दिसत नाही. इथे हाच वाद खो-खोवरून होतो. सारिका काळे मोठी की अश्विनी शिंदे? सारिका २०१६ च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोच्या वाट्याला २२ वर्षांनी. अश्विनी १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघातली. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या त्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. विश्वचषक म्हटल्यावर नव्या पोरांचं पारडं अश्विनीकडे झुकणारच. जुनी मंडळी म्हणतात, सारिका नसती तर पुढच्या मुलींना वाट कुणी दाखवली असती?

दोन्ही बाजू मैदानाबाहेरच्या आहेत. सारिकाचं नाव निघालं की बातमीदार तिच्या एकवेळच्या जेवणाबद्दल लिहितात. ती हलाखी खरी होती, तिने स्वतःच सांगितलेली आहे. पण उपाशी राहणं हा खेळाचा गुण नव्हे. खडतर बालपणाला गुण द्यायचे ठरवले तर सुखवस्तू घरातल्या खेळाडूने कधी थोर व्हायचंच नाही. सारिकाचा मोठेपणा मैदानात शोधावा, ताटात नको.

हॉकीत नाही ते एक माप खो-खोकडे कायम होतं, ते म्हणजे घड्याळ. सामन्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात येतो तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी बाद केले, हे छापलेलं असतं. या चार शब्दांच्या कंसात अख्खा खेळाडू मावतो. नऊ मिनिटांच्या डावात एखादी मुलगी अडीच-तीन मिनिटं टिकली म्हणजे काय? आठ जणी एकाआड एक उलटसुलट तोंड करून पाटीत बसलेल्या, नववी अंगावर धावून येते. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडायची नाही, घेतलेली दिशाही खांबापर्यंत सोडायची नाही. पळणारीला मात्र कुठूनही वळायची मुभा. ती बसलेल्यांच्या मधून नागमोडी निघते, खांद्याने डावीकडे हूल देते आणि पाय उजवीकडे टाकते. मागच्या मुलीचा 'खो' बसलेलीच्या पाठीवर पडायच्या आत ही दुसऱ्या बाजूला पोचलेली असते. खांबाजवळ सूर मारणारीचा हात टाचेपासून बोटभर लांब राहतो. असं तीन मिनिटं करणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच कळतं.

पण ही मिनिटंही एकट्या पळणारीची नसतात. समोरच्या नऊ जणी कच्च्या असतील तर कुणीही टिकतं. धाराशिवच्या मुलींचं भांडवल इथे आहे. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलींचा दबदबा आणि त्या संघात जिल्ह्याच्या मुली, म्हणजे सरावाच्या मैदानावरच पळणारीच्या मागे देशातल्या चांगल्या आक्रमक लागतात. प्रशिक्षक चंद्रजीत जाधवांच्या हाताखाली ही फळी घडली. अशा फळीसमोर रोज काढलेलं एक मिनिट मला परदेशी संघापुढच्या चार मिनिटांपेक्षा मोलाचं वाटतं. विश्वचषकात आपल्या मुलींनी पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. त्या १७५ गुणांवरून कुणाची थोरवी ठरवायची? प्रतिस्पर्धी नुकते खेळ शिकलेले. विमानतळ प्राधिकरणाच्या संघाविरुद्धचा राष्ट्रीय स्पर्धेतला सामना त्याहून कडक परीक्षा असते, पण तो दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसतो.

आता नवा पेच. विश्वचषक वेगवान पद्धतीने झाला: मैदानात नऊऐवजी सात, सात-सात मिनिटांच्या चार पाळ्या, एका गड्याला दोन गुण, आणि कोणत्याही दिशेला वळू शकणारा 'वजीर'. माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायात बूट आले. प्रेक्षकाला हे भावतं आणि मला त्याचा राग नाही. मातीवर सूर मारून कोपरं सोलून घेण्यात काही पावित्र्य नव्हतं. पण गुणफलक आता आक्रमणाच्या बाजूने बोलतो. संरक्षणाला गुण मिळतात ते 'ड्रीम रन'चे, तुकडी ठरावीक वेळेपुढे टिकली तर, आणि ते तुकडीच्या नावावर. तुकडीतल्या तीन जणींपैकी दोघी लगेच बाद झाल्या आणि तिसरीने एकटीने खिंड लढवली, तर फलकावर तिचं नाव येत नाही. जुन्या कंसात ते आलं असतं.

यात नुकसान सारिकाचं नाही. तिची मिनिटं छापली गेलेली आहेत. नुकसान अश्विनीच्या पिढीचं आहे. सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर खेळूनही या मुलींचा वैयक्तिक हिशेब बातम्यांत फारसा दिसत नाही. उरतात सांघिक गुण आणि गळ्यातलं पदक. हॉकीत ध्यानचंदांचे गोल निदान आकड्यांत तरी शिल्लक आहेत.

मला विचाराल तर आज मी सारिकाला वर ठेवतो. पण हे मत कच्चं आहे, कारण एका बाजूला मिनिटं आहेत आणि दुसऱ्या बाजूला नुसते गुण. खो-खो महासंघाला हे चित्र बदलणं अवघड नाही. पंचांकडे घड्याळ आहे, गुणलेखक मैदानाशेजारीच बसलेला असतो. पुढच्या विश्वचषकात प्रत्येक संरक्षकाची वेळ तिच्या नावापुढे नोंदवा आणि प्रसिद्ध करा. मग धाराशिवच्या चहाच्या टपरीवर हा वाद खुशाल पुन्हा काढू, आणि मी हरलो तर चहाचे पैसे माझे.