मैदानावरचा काला आणि घरातला कप



आषाढ लागला की माझे मन दोन वाटांनी धावते. एक वाट आळंदीहून पंढरीला जाते आणि दुसरी लालबागहून आझाद मैदानाला. मुंबईत ऐन पावसाळ्यात कांगा लीगचे सामने होतात. 1948 साली सुरू झालेली ही स्पर्धा मुद्दामच पावसाळ्यात ठेवलेली आहे. वाढलेले गवत, ओली खेळपट्टी, चेंडू कधी अंगावर येतो तर कधी पडल्या जागी बसतो. माझे वडील गिरणीत कामाला होते, गळ्यात तुळशीची माळ होती. मी भिजून चिंब होऊन सामन्यावरून परतलो की ते म्हणत, "तुझीही वारीच की रे ही! फक्त तुझा विठोबा कोणता, तेवढे सांग."

त्यांनी थट्टेने विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा सापडले. क्रिकेटमध्ये खरोखरच एक विठ्ठल होऊन गेला. त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची गोष्ट आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण त्या गोष्टीने मला माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघायला लावले.

तुम्ही म्हणाल, वारकऱ्यांच्या मासिकात चेंडूफळीचे काय काम? पण माउली, आपला पंथ खेळाला परका नाही. वाटेवर रिंगण होते, अश्व धावतो, टाळकरी पावल्या खेळतात, म्हाताऱ्या बाया फुगडी घालतात, हुतुतूही रंगतो. आणि वारीची सांगता गोपाळपुरच्या काल्याने होते. काला म्हणजे तरी काय? गोकुळातली पोरे खेळून दमली, भूक लागली, तेव्हा देवाने सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या. कुणाची भाकर, कुणाचे ताक, कुणाचे लोणचे, हे वेगळे उरलेच नाही. म्हणजे आपल्याकडे खेळ संपतो तो एकत्र जेवून. माझा आजचा प्रश्न इथूनच सुरू होतो. खेळताना जी समता आपल्या अंगी येते, ती खेळ थांबल्यावर कुठे जाते?

पालवणकर घराण्यातले चार भाऊ क्रिकेट खेळले: बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. घर चर्मकार समाजातले. थोरल्या बाळूने पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे, जाळ्या लावण्याचे काम केले. पगार महिन्याला चार-पाच रुपयांच्या आतबाहेर. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज सरावासाठी त्याला तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. डाव्या हाताची फिरकी त्याच सरावात तयार झाली. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. ती साहेबांची गोष्ट होती.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, आणि बाळूवाचून ते जमणारे नव्हते. घोळ घालून का होईना, त्यांनी त्याला संघात घेतले. मैदानात तो सगळ्यांच्या बरोबरीचा. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे दहा जण तंबूत जात आणि बाळूला तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे.

माउली, इथे जरा थांबा. क्रिकेटचा चेंडू कशाचा असतो? कातड्याचा. तो चेंडू बाळू टाकी, यष्टीमागचा गडी झेली, दुसरा विजारीला घासून चकाकी आणी, आणि तो पुन्हा बाळूच्या हाती येई. दिवसभरात अकराही जणांचे हात त्या एका कातड्याला लागत. त्या कातड्याचा विटाळ कुणाला झाला नाही. कातडे कमावणाऱ्या घरातल्या मुलाने कपाला हात लावला असता, तर मात्र झाला असता. विटाळ वस्तूत नव्हता, हाताला नव्हता. तो फक्त आपल्या सोयीत होता. गडी बाद करायचा असेल तेव्हा तो नसे, आणि चहा प्यायचा असेल तेव्हा तो असे.

प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आला आणि इथल्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला 109 धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूने दोन डावांत मिळून 8 गडी बाद केले. 1911 साली भारतातला संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यावर त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला एकदाही मिळाले नाही.

धाकटा विठ्ठल उत्तम फलंदाज निघाला. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत संघातून बाळूला वगळले. नेमलेले कर्णधार पै आजारी होते, म्हणून दुसरा कर्णधार हवा होता. तेव्हाही विठ्ठलाचा हक्क डावलला गेला. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्र काढून सामन्यातून अंग काढून घेतले. पोटाशी आलेला खेळ सोडून देणे म्हणजे काय, हे खेळणाऱ्यालाच कळेल. लोकमत पेटले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाला, आणि काही वेळ पै स्वतः मैदानाबाहेर जाऊन बसले, म्हणून बाळूला तेवढा वेळ तरी संघ चालवता आला. अखेर 1923 साली विठ्ठल कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलाला खांद्यावर उचलून घेतले.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. मुंबईच्या मैदानावर हजारो माणसे विठ्ठलाला खांद्यावर घेऊन नाचत आहेत. आणि त्याच वर्षी हाच विठ्ठल पालवणकर पंढरपूरला गेला असता, तर त्याला आपल्या नावाच्या देवाचे दर्शन महाद्वाराबाहेरूनच घ्यावे लागले असते. नामदेवांच्या पायरीपाशी, जिथे चोखोबांची समाधी आहे, तिथेच त्या खांद्यांनी त्याला खाली उतरवले असते. देवळाचे दार उघडायला आणखी 24 वर्षे जावी लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, प्राण पणाला लावले, तेव्हा ते उघडले.

ही सगळी दुसऱ्यांची गोष्ट झाली. आता माझी सांगतो.

आमच्या लालबागच्या चाळीत पोरांचा संघ होता. टेनिसच्या चेंडूने खेळायचे, दोन चाळींमधल्या जागेत. मागच्या वस्तीतला एक मुलगा आमच्याकडून खेळे. बारीक अंगाचा, पण चेंडू असा वळवी की समोरच्याला कळत नसे. त्याच्यामुळे आम्ही परळच्या आणि दादरच्या पोरांना हरवले. जिंकलो की सगळे आमच्या खोलीत सरबत प्यायला येत. सगळ्यांना स्टीलचे पेले, आणि त्याला कान तुटलेला कप. तो कप खिडकीच्या कठड्यावर वेगळा ठेवलेला असे. प्यायल्यावर तो स्वतःच विसळून तिथे ठेवी.

मी हे पाहत होतो. मला ते खटकतही होते. पण मी बोललो नाही. आजीला वाईट वाटेल, असे मनाला सांगितले. खरे कारण वेगळे होते. तो तर खेळायला येतच होता. मला त्याचा हात हवा होता, आणि तो मिळत होता.

एका रविवारी सामना जिंकून आम्ही जिना चढू लागलो, तर तो खालीच थांबला. म्हणाला, "तुम्ही जा, मला तहान नाही." मे महिना होता. दुपारभर त्याने गोलंदाजी केली होती. त्यानंतर तो कधी आमच्या जिन्यावर चढला नाही, आणि हळूहळू खेळायला यायचाही बंद झाला. आमच्या घरात त्याच काळात दर एकादशीला भजन होत होते.

माउली, या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. मैदान समता शिकवते असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. पंचाचे बोट वर गेले की मालकाचा मुलगाही बाद आणि कामगाराचा मुलगाही बाद. पण ती समता गुणावर उभी आहे. बाळू गडी बाद करी म्हणून त्याला संघात जागा होती. ज्या दिवशी त्याचा हात चालेनासा झाला असता, त्या दिवशी तंबूबाहेरचा चहाही गेला असता. त्याच्या समाजातल्या ज्या हजारो मुलांना चेंडू वळवता येत नव्हता, त्यांना काय मिळत होते? ज्याची गरज आहे त्याला जवळ घेणे ही समता नव्हे, तो हिशोब आहे.

आपला विठोबा हिशोब विचारत नाही. तू काय करून दाखवतोस, मग मी तुला भेटतो, असे त्याने कुणाला म्हटले नाही. म्हणून वारीत कुणीही कुणाच्या पाया पडतो आणि माउली म्हणतो. तिथे गुण पाहायचा नसतो, समोर माणूस आहे एवढेच पाहायचे असते. मैदानापेक्षा वारीची समता मोठी आहे, असे मी मानतो.

पण मग जबाबदारीही मोठी आहे. मैदानाला सीमारेषा असते. खेळाडू म्हणू शकतो की खेळाचे नियम सीमारेषेच्या आत, बाहेरचे मला विचारू नका. वारकऱ्याला असे म्हणता येईल का? चंद्रभागेच्या वाळवंटात एक आणि लालबागच्या खोलीत दुसरे, अशी मुभा आपल्याला कुठल्या संताने दिली?

निवृत्त झाल्यावर मी माळ घातली आणि दिंडीबरोबर चालू लागलो. वाटेत कुणाच्याही तांब्यातले पाणी प्यायलो, कुणाच्याही हातची भाकरी खाल्ली, आणि मनात म्हटले, आपण सुटलो. त्या वर्षी परतलो तेव्हा आमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतीतल्या घरात आलो. सकाळी घरकामाच्या बाई आल्या. बायकोने चहा ओतला. आणि मला फळीच्या कडेला ठेवलेला कप दिसला. आमच्या कपांपासून वेगळा, टवका उडालेला. तो वर्षानुवर्षे तिथेच होता. मीही रोज तो पाहत होतो. आता कुणी विटाळ म्हणत नाही, स्वच्छता म्हणतात, सवय म्हणतात. कप मात्र तोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवून त्यांना आमच्यातल्याच कपात चहा दिला. कप हातात घेऊन त्या थांबल्या. म्हणाल्या, "काका, माझा कप फुटला का?"

मला उत्तर देता आले नाही. जिन्याखाली थांबलेला तो मुलगा आठवला. त्याची क्षमा मागायला मी पन्नास वर्षे उशीर केला होता, आणि तो आता कुठे असतो हेही मला ठाऊक नाही. कप बदलल्याने ते फिटले असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की आता त्या बाई आणि आम्ही सकाळी एकाच टेबलाशी बसून चहा पितो. पहिले काही दिवस त्यांनाही अवघडल्यासारखे झाले, आम्हालाही. आता होत नाही.

तुमच्यापाशी माझे एकच मागणे आहे. यंदा पंढरीहून, नाहीतर वडाळ्याच्या विठ्ठलाचे दर्शन घेऊन घरी आलात, की पायांवर पाणी घ्या, देवापुढे बुक्का ठेवा, आणि मग स्वयंपाकघरातल्या फळीकडे एकदा नीट बघा. तिथे एखादा कप बाजूला ठेवलेला असेल, तर आपल्या घरातला काला अजून व्हायचा आहे.

राम कृष्ण हरी.