शस्त्रक्रियेचा खर्च आणि सज्जतेचा खर्च

ज्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण त्याच दिवशी घरी जातो, ती अमेरिकेत मुख्यतः दोन ठिकाणी होते: रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा स्वतंत्र शस्त्रक्रिया केंद्रात. वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या भूलतज्ज्ञांनी 1970 साली फिनिक्समध्ये असे केंद्र काढले आणि 1982पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना केंद्रांना पैसे देऊ लागली. पुढचा इतिहास बहुतांशी दरांचा आहे आणि चर्चाही तिथेच अडकली आहे. रुग्णालयसमूहाने नवी सोय कोणत्या प्रकारची उभारावी, याचे उत्तर हल्ली एकाच प्रश्नात शोधले जाते: कोणत्या पाटीखाली पैसे जास्त मिळतात?

फरक मोठा आहे, हे खरे. 2024 साली मेडिकेअरच्या दरसूत्रातला गुणक रुग्णालयासाठी 87.38 डॉलर होता, केंद्रासाठी 53.51. हर्निया तोच, सर्जनही बहुधा तोच.

या तफावतीचे रुग्णालये करत असलेले समर्थन वरवर भक्कम दिसते. 1986च्या कायद्यानुसार आकस्मिक विभागात आलेल्या कोणालाही, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर करावे लागते. रात्रभर जागा असणारा हा विभाग, अतिदक्षता कक्ष, रक्ताची सोय यांचा खर्च कुठून तरी निघायला हवा. गृहीतक बरोबर आहे. निष्कर्ष त्यातून निघत नाही. हा सज्जतेचा खर्च प्रत्येक शस्त्रक्रियेमागे वसूल केला, की तो सज्जतेच्या गरजेप्रमाणे मिळत नाही, गुडघ्यांच्या संख्येप्रमाणे मिळतो. उपनगरातल्या, चांगला विमा असलेल्या रुग्णांच्या रुग्णालयाला तो भरपूर मिळतो. जिथे शस्त्रक्रिया थोड्या आणि अपघात फार, तिथे तोकडा. शिवाय रुग्णाला दराचा ठरावीक हिस्सा, साधारण 20 टक्के, भरायचा असतो. म्हणजे हर्नियाचा रुग्ण दुसऱ्याच्या मध्यरात्रीचे पैसे देतो. (रुग्णालयात या हिश्शाला कमाल मर्यादा आहे, केंद्रात नाही. त्यामुळे महागडे उपकरण बसवायचे असेल, तर स्वस्त ठिकाणी रुग्णाचा खिसा जास्त हलका होऊ शकतो. दरपत्रकाची ही आणखी एक गंमत.)

रुग्णालयात अधिक आजारी रुग्ण येतात, हा दुसरा बचाव. येतातही. पण मग दर रुग्णाच्या प्रकृतीप्रमाणे बदलायला हवा. प्रत्यक्षात ठणठणीत माणसाच्या मोतीबिंदूलाही रुग्णालयाचाच दर लागतो. कायद्याची कसोटी तर अंतराची आहे. 2015च्या कायद्याने आवाराबाहेर नव्याने काढलेल्या विभागांचा दर उतरवला आणि आवार म्हणजे मुख्य इमारतीपासून 250 यार्ड. त्या रेषेच्या आत-बाहेर अतिदक्षता कक्षाची उपलब्धता कशी पालटते, हे कोणी सांगत नाही. उलट शस्त्रक्रियेचा आणि सज्जतेचा, हे दोन खर्च वेगळे करता येतात, हे मेडिकेअरनेच मान्य केले आहे: 2023पासून ग्रामीण आकस्मिक रुग्णालयांना सेवेच्या दराशिवाय दरमहा ठरावीक रक्कम मिळते. पहिल्या वर्षी ती सुमारे 2.7 लाख डॉलर होती.

सर्जनांना केंद्रात भागीदारी दिली की ते समूहाशी बांधलेले राहतात, हा मुद्दा व्यवस्थापनाचा आहे, रुग्णसेवेचा नाही. अशी केंद्रे चालवणाऱ्या बाहेरच्या साखळी कंपनीकडे केंद्राचा कारभार सोपवावा की नाही, हा त्याहून दुय्यम.

दोन खर्च वेगळे धरले, की निवड सोपी नसली तरी स्पष्ट होते. ज्यांना सज्जता खरोखर लागू शकते, म्हणजे गंभीर हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र आजार किंवा श्वासनलिकेत नळी घालणे अवघड असलेले रुग्ण, त्यांची शस्त्रक्रिया रुग्णालयातच हवी, दर काहीही असो. मोतीबिंदू, साधा हर्निया, आतड्याची दुर्बीण-तपासणी यांना स्वतंत्र केंद्र पुरते आणि तिथे आकस्मिक रुग्ण मध्येच घुसत नसल्याने ठरलेली यादी ठरल्या वेळी पार पडते. दोहोंमधली सीमा भूलतज्ज्ञाने आखावी, हिशेबनीसाने नव्हे.

अपवाद एकाच रुग्णालयाच्या लहान गावाचा. तिथे भूलतज्ज्ञ एक-दोनच असतात. केंद्र वेगळे काढले, तर दिवसाची यादी वेळेवर संपेल, पण रात्रीच्या सिझेरियनला माणूस मिळणार नाही. अशा ठिकाणी एकच इमारत ठेवून त्यातली एक शस्त्रक्रिया खोली दिवसभर नियोजित कामासाठी राखणे बरे, आणि सज्जतेचे पैसे वेगळे मागावेत.